भिंतीला जे जमत नाही

आमच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये स्टंप म्हणजे विटेच्या तुकड्याने भिंतीवर ओढलेल्या तीन रेघा. मागे भिंत असल्यामुळे विकेटकीपर लागतच नसे. हुकलेला चेंडू भिंतीवर आपटून आपोआप परत यायचा आणि क्षेत्ररक्षणाला एक गडी जादा मिळायचा. मोकळ्या मैदानावर गेलो की मात्र कुणाला तरी मागे उभं राहावं लागे, आणि ते काम बहुतेक वेळा सगळ्यांत लहान मुलाच्या गळ्यात पडे. भिंतीच्या जागी लहान मूल चालतं, असा आमचा हिशोब होता.

हा हिशोब खोटा आहे हे कीपिंग जाणणारा कुणीही सांगेल. पण किती खोटा, हे सांगणं अवघड. मुंबईचे नरेन ताम्हाणे २१ कसोटी सामने खेळले. त्यांच्या नावावर ३५ झेल आहेत आणि १६ यष्टिचीत. जाणकार मात्र त्यांच्याबद्दल बोलायला लागले की बोलतात ते हातांच्या सफाईबद्दल, आणि सफाईचा रकाना धावफलकात नसतो. फलकावर दिसतात त्या 'बाय'च्या धावा, म्हणजे कीपरच्या हातून निसटलेलं. त्याने जे निसटू दिलं नाही, त्याची नोंद कुठेच होत नाही. मग एक कीपर दुसऱ्यापेक्षा किती चांगला, हे ठरवायचं कशावरून?

या कोड्याचा सगळ्यांत चिवट पाठलाग झाला तो अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये. तिथे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो तो कॅचर. तोंडावर जाळी, छातीवर गादीसारखं कवच, नडग्यांवर पट्ट्या. त्याचं एक जुनं नाव आहे 'बॅकस्टॉप', आणि गंमत म्हणजे त्याच्या पाठीमागच्या अडसरालाही, म्हणजे भिंतीला किंवा जाळीलाही, तेच नाव आहे. माणूस आणि भिंत यांना एकच शब्द. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या दोहोंमधलं अंतर धावांमध्ये मोजता येऊ लागलं आहे. ते कसं, हेच इथे सांगायचं आहे.

चौकट : बेसबॉलची बाराखडी

• पिचर मातीच्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो. तिथून होम प्लेट ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे सुमारे साडेअठरा मीटरवर असते. क्रिकेटची खेळपट्टी याहून दीड-पावणेदोन मीटर लांब.

• होम प्लेट १७ इंच रुंद. तिच्या वर, फलंदाजाच्या गुडघ्याच्या वाटीखालून छातीच्या साधारण मध्यापर्यंत, हवेत एक अदृश्य चौकट कल्पायची. हा 'स्ट्राइक झोन'.

• चेंडूचा थोडासा भाग जरी या झोनमधून गेला आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तर पंच 'स्ट्राइक' देतो. पूर्ण बाहेरून गेला तर 'बॉल'. बॅट फिरवून चेंडू हुकला तरी स्ट्राइकच.

• तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. चार बॉल झाले की त्याला पहिला बेस फुकट.

• चार बेसची फेरी पुरी केली की एक धाव.

फलंदाजी बेताची, तरी मागणी

२०११चा हंगाम संपल्यावर टॅम्पा बे रेज या संघाने होसे मोलिना नावाच्या कॅचरशी करार केला. वय ३६. फलंदाजी बेताची, पायांत वेग नाही. थोरला भाऊ बेंजी आणि धाकटा यादियेर हे दोघेही नावाजलेले कॅचर. पोर्तो रिकोच्या या तिघा भावांत होसेचं नाव सगळ्यांत कमी घेतलं जाई. रेज हा पैशांनी गडगंज संघ नव्हता. एकेक डॉलर मोजून खर्च करणाऱ्यांनी या माणसात काय पाहिलं?

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये माइक फास्ट या अभ्यासकाने एक लेख प्रसिद्ध केला होता. मोलिनाच्या हातात आलेले काठावरचे चेंडू इतर कॅचरांच्या मानाने कितीतरी जास्त वेळा 'स्ट्राइक' ठरतात, आणि त्यातून त्याच्या संघाच्या बऱ्याच धावा वाचतात, असं त्याने आकड्यांनिशी दाखवलं. यादीच्या दुसऱ्या टोकाला होता पिट्सबर्ग पायरेट्सचा रायन डूमिट. हा चांगला फलंदाज. पण बॅटने मिळवलेलं तो हातांनी गमावत होता. त्याच्या हातात आलेले तसेच चेंडू 'बॉल' ठरत होते. थोड्याच दिवसांत ह्यूस्टन ॲस्ट्रोज या संघाने फास्टला नोकरीवर घेतलं आणि त्याचं जाहीर लिखाण थांबलं. संघांना ही माहिती किती मोलाची वाटली याचा याहून बोलका पुरावा नको.

चेंडू घेण्याच्या या कसबाला 'फ्रेमिंग' म्हणतात. चित्राला चौकट घालावी तसा चेंडू झोनच्या चौकटीत बसलेला दिसेल अशा बेताने घ्यायचा. हे कॅचरांना आणि प्रशिक्षकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की त्याची किंमत इतकी मोठी आहे.

पंचाला काय दिसतं

आधी पंचाची अडचण समजून घेऊ. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने सुटलेला चेंडू पिचरच्या हातातून प्लेटपर्यंत यायला सेकंदाचे चार दशांश लागतात. तेवढ्यात तो खाली उतरतो, बाजूला वळतो. पंच कॅचरच्या खांद्याआडून वाकून पाहतो आहे. त्याने निर्णय द्यायचा तो प्लेटच्या वरच्या हवेतल्या चौकटीचा. पण चेंडू तिथे थांबत नाही, थांबतो तो आणखी मागे, कॅचरच्या हातमोज्यात.

लांबून भरधाव आलेली एसटी थांब्यावर कशी वळली ते आपल्या नीट लक्षात राहत नाही. ती थांबली कुठे ते स्पष्ट दिसतं, आणि मग ती कशी आली असेल हे आपण मागाहून जुळवतो. पंचाचे डोळेही तसेच. शेवटचं स्थिर दृश्य मनावर ठसतं. मोजा झोनच्या दिशेने शांत राहिला, तर चेंडू आतून आल्यासारखा वाटतो. धक्क्याने बाहेर ढकलला गेला, तर आतून आलेला चेंडूसुद्धा बाहेरचा वाटू लागतो.

या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनी जरा थांबून पाहावं. फ्रेमिंग म्हणजे पंचाची फसवणूक, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मला तो अर्धाच खरा वाटतो. झोनमधून खरोखर गेलेला चेंडू गचाळ हातांमुळे 'बॉल' ठरणं, हा पिचरवर अन्याय आहे. त्याने कमावलेला स्ट्राइक त्याला मिळवून देणं हा फ्रेमिंगचा फार मोठा भाग आहे. बाहेरच्या चेंडूवर स्ट्राइक मिळवणं हा दुसरा भाग. ज्याचे हात चांगले त्याला दोन्ही साधतं, आणि काठावर या दोहोंना वेगळं काढणं खुद्द कॅचरलाही जमत नसावं.

हातांचं काम

डोक्यावरून उतरवलेला पाण्याचा भरलेला हंडा घेताना ज्याचे हात वरून येतात त्याचे हात वजनाने खाली जातात. खालून हात लावणारा तोच हंडा अलगद वर उचलतो. खालच्या काठावर येणाऱ्या चेंडूचं अगदी असंच आहे. पूर्वी कॅचर मोजा मधल्या उंचीवर धरून वाट पाहत आणि चेंडू खाली आला की त्याच्यामागे हात खाली नेत. चेंडूचा जोर आणि हाताची गती दोन्ही खालीच. पंचाला दिसे खाली चाललेला मोजा. आताचे कॅचर पिचर फेकण्याच्या बेतात असताना मोजा जमिनीपर्यंत सैल सोडतात आणि चेंडूच्या खालून वर येत त्याला उचलून घेतात. घेणं आणि किंचित वर आणणं ही एकच सलग हालचाल असते. चेंडू आधी घेऊन मग तो ओढून झोनमध्ये आणला तर ती चलाखी पंचाला लगेच कळते, आणि पुढचे दोन-चार काठावरचे चेंडूही तो द्यायला तयार होत नाही.

उरलेलं शरीर स्थिर लागतं. डोकं हललं की पंचाची नजर हलते. गेल्या काही वर्षांत जवळजवळ सगळे कॅचर एक गुडघा जमिनीला टेकवून बसायला लागले, त्याचं कारण हेच. एक गुडघा टेकला की शरीर खाली येतं, स्थिर होतं, आणि खालच्या चेंडूच्याही खाली हात नेता येतो. मिनेसोटा ट्विन्सचे प्रशिक्षक टॅनर स्वॉन्सन यांनी ही बैठक जाणीवपूर्वक शिकवली. त्यांच्या हाताखाली मिच गार्व्हर या कॅचरचं फ्रेमिंग २०१९मध्ये वर्षभरात पार पालटलं. मग ती सगळीकडे पसरली. जुन्या पिढीला ती आळसाची वाटली. गुडघा टेकलेला माणूस चेंडू अडवायला झेपावणार कसा, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पुढे ब्लॉकिंगच्या हिशोबात येईल.

दुसरा कुणी असता तर

आता मुख्य यंत्रणेकडे येऊ. २००६च्या अखेरच्या सामन्यांत 'पिच-एफएक्स' नावाची कॅमेऱ्यांची व्यवस्था पहिल्यांदा वापरली गेली आणि एक-दोन वर्षांत ती अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या सर्व मैदानांवर बसली. प्रत्येक चेंडू प्लेटवरून नेमका कुठून गेला, हे प्रथमच नोंदलं जाऊ लागलं. २०२०पासून हे काम हॉक-आय करते. पायचीतच्या अपिलावर चेंडूची वाट दाखवणारं म्हणून आपण ओळखतो तेच हॉक-आय. क्रिकेटमध्ये त्याला पॅडवर अडलेला चेंडू पुढे कुठे गेला असता याचा अंदाज बांधावा लागतो. इथे चेंडू प्रत्यक्षात प्लेटवरून गेलेलाच असतो, म्हणून उत्तर अधिक नेमकं.

जागा कळली की हिशोब असा चालतो. समजा, एक चेंडू झोनच्या बाहेरच्या काठाला जेमतेम चाटून गेला. संगणक जुने लाखो चेंडू काढतो आणि विचारतो : नेमक्या इथून गेलेल्या, फलंदाजाने न मारलेल्या चेंडूंपैकी किती 'स्ट्राइक' ठरले? समजा शंभरांत चाळीस. म्हणजे साधारण कॅचरला या चेंडूवर ०.४० स्ट्राइकची अपेक्षा. आपल्या कॅचरला स्ट्राइक मिळाला तर त्याच्या खात्यात ०.६० जमा. 'बॉल' मिळाला तर ०.४० वजा. मधोमध आलेल्या चेंडूवर अपेक्षाच जवळजवळ १, म्हणून तिथे कुणालाच श्रेय नाही, पण तो गमावला तर मोठी वजावट. जमाखर्च होतो तो मुख्यतः काठाच्या आतबाहेरच्या चेंडूभर रुंदीच्या पट्ट्यात. त्याला 'शॅडो झोन' म्हणतात, म्हणजे सावलीचा पट्टा.

एका चेंडूवरून काहीच कळत नाही. हंगामभराच्या हजारो चेंडूंची बेरीज झाली की नशिबाचा भाग बराचसा गळून पडतो.

पण एक गुंता राहतो, आणि सगळं शास्त्र त्या गुंत्यात आहे. शंभर टक्के निकाल लावणारी प्रत्येक शाळा चांगली शिकवतेच असं नाही. ती निवडून हुशार मुलंच घेत असेल. तसंच, मोजा धरला तिथेच चेंडू टाकणारा पिचर ज्याच्या वाट्याला आला, त्या कॅचरचे हात आपोआप शांत दिसतात. पंचही सगळे सारखे नसतात, कुणाचा झोन ऐसपैस तर कुणाचा आखूड. शिवाय पंच माणूस आहे. तीन बॉल झाले आणि एकही स्ट्राइक नाही, अशा वेळी त्याचा झोन नकळत फुगतो. दोन स्ट्राइक झाले असतील तर तो आक्रसतो. फलंदाजाला बाद ठरवणारा किंवा फुकट बेस देणारा शेवटचा शब्द आपल्या तोंडून सहज निघू नये असं त्याला वाटत असावं.

म्हणून तुलना सारख्याशी सारख्याची करावी लागते. एकाच गिरणीचं पीठ, तोच तवा, तीच चूल, आणि दोघींच्या हातांच्या भाकऱ्या. एकीची दर वेळी फुगली आणि दुसरीची नाही, तर ते हाताचंच कसब. तोच पिचर एका कॅचरला चेंडू टाकतो तेव्हा किती स्ट्राइक मिळतात आणि दुसऱ्याला टाकतो तेव्हा किती, तोच पंच दोघांमागे उभा असताना काय देतो, अशा हजारो जोड्या लावून पिचरचा वाटा, पंचाचा वाटा, फलंदाजाचा वाटा एकेक करून बाजूला काढतात. मागे उरतो तो कॅचरचा.

एका स्ट्राइकची किंमत

धावांमध्ये याचं मोल किती? एक बॉल, एक स्ट्राइक अशी स्थिती घ्या. पुढचा काठावरचा चेंडू स्ट्राइक ठरला तर फलंदाज बाद होण्याच्या उंबरठ्यावर येतो. मग त्याला वाईट चेंडूवरही बॅट फिरवावी लागते. तोच 'बॉल' ठरला तर पिचरला मधोमध चेंडू टाकावा लागतो. या दोन फाट्यांवरून पुढे सरासरी किती धावा होतात यातला फरक काढायचा, आणि सगळ्या स्थितींची सरासरी घ्यायची. एका जादा स्ट्राइकची किंमत येते धावेच्या आठव्या हिश्शाएवढी, सुमारे ०.१२५.

आठवा हिस्सा ही चिल्लर वाटते. पण कॅचर हा मैदानावरचा असा खेळाडू आहे की पिचरचा न मारलेला प्रत्येक चेंडू त्याच्या हातात येतो. सामन्याला सरासरी एकच स्ट्राइक जास्त मिळवणारा कॅचर १२० सामन्यांत १५ धावा वाचवतो. बेसबॉलच्या हिशोबात साधारण दहा धावा म्हणजे एक विजय. म्हणजे हा माणूस बॅट हातात न घेता हंगामाला दीड सामना जिंकून देतो.

पायरेट्स संघाने डूमिटच्या अनुभवातून धडा घेतला म्हणा किंवा आकड्यांवर विश्वास ठेवला म्हणा, २०१३साठी त्यांनी रसेल मार्टिन या कॅचरला दोन वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलर देऊन आणलं. त्याच वर्षी या संघाची सलग वीस हंगामांची पडझड थांबली. एकट्या मार्टिनने हे केलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. क्षेत्ररक्षकांची नवी मांडणी आणि चेंडू जमिनीलगत मारायला लावणारे पिचर यांचाही त्यात वाटा होता. पण त्यानंतर कॅचर निवडताना फ्रेमिंगचा आकडा पाहिल्याशिवाय कुणी सही केली नसेल.

सगळेच शिकले की अंतर मिटत जातं. दशकभरापूर्वी पहिला आणि शेवटचा यांच्यात जी दरी होती ती आता बरीच अरुंद झाली आहे. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या पॅट्रिक बेलीसारखे अपवाद अजूनही उठून दिसतात.

चेंडू पकडू नका, अडवा

फ्रेमिंग डोळ्यांत भरत नाही, ब्लॉकिंग भरतं. पिचरचं सगळ्यांत घातक अस्त्र म्हणजे स्ट्राइकसारखा निघून शेवटच्या क्षणी मातीत बुडणारा चेंडू. फलंदाज बॅट फिरवतो, चेंडू खाली आपटतो. बेसवर धावपटू उभा असेल आणि तो चेंडू कॅचरला चुकवून मागे गेला, तर धावपटू पुढचा बेस गाठतो.

नवशिका कॅचर इथे हमखास चुकतो. तो चेंडू पकडायला जातो. टप्पा पडलेला चेंडू कसा उसळेल ते सांगता येत नाही, म्हणून पकडण्याचा मोह सोडावा लागतो. दोन्ही गुडघे जमिनीवर, त्यांच्यामधली फट मोज्याने बुजवलेली, खांदे पुढे गोलावलेले, हनुवटी छातीला लावून गळा झाकलेला. छाती ताठ ठेवली तर चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा दूर उडतो. ती सैल, किंचित पुढे झुकलेली हवी, म्हणजे चेंडू उशीवर पडावा तसा मरून पुढ्यातच राहतो. गल्लीतली भिंत चेंडू परत पाठवायची. इथे चेंडू परत जाऊन चालत नाही, हाताच्या अंतरावर निजवावा लागतो.

याची जुनी मोजदाद पाहिली तर आपल्या 'बाय'ची आठवण येते. कॅचरने सहज घ्यायला हवा होता तो चेंडू सुटला तर 'पास्ड बॉल', दोष कॅचरचा. चेंडू आवाक्याबाहेरचा असेल तर 'वाइल्ड पिच', दोष पिचरचा. ठरवतो अधिकृत धावलेखक. पण नियमात एक मेख आहे : कॅचरपर्यंत पोहोचण्याआधी चेंडूचा टप्पा पडला असेल आणि तो निसटला, तर तो वाइल्ड पिचच. म्हणजे ज्या चेंडूंसाठी ब्लॉकिंग हे कसब आहे, नेमके तेच सुटले तर डाग पिचरच्या नावावर. ढिसाळ कॅचर वर्षानुवर्षं निष्कलंक राहू शकतो.

उलटही घडतं. ५ ऑक्टोबर १९४१, ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड, वर्ल्ड सिरीज या अजिंक्यपदाच्या मालिकेचा चौथा सामना. ब्रुकलिन डॉजर्स यांकीज संघाविरुद्ध ४-३ पुढे. नववा म्हणजे शेवटचा डाव, यांकीजचे दोन बाद (तिसरा बाद झाला की डाव संपतो), बेसवर कुणी नाही. टॉमी हेनरिकने तिसऱ्या स्ट्राइकवर बॅट फिरवली आणि हुकला. सामना संपला होता. पण तिसरा स्ट्राइक कॅचरने पकडला नाही आणि पहिला बेस मोकळा असला, तर फलंदाजाला धावता येतं. चेंडू मिकी ओवेनच्या मोज्याला चुकवून मागे गेला. हेनरिक पहिल्या बेसवर पोहोचला, यांकीजनी त्याच डावात चार धावा काढल्या, ७-४ने जिंकले आणि दुसऱ्या दिवशी मालिकाही खिशात घातली. ओवेन उत्तम कॅचर होता. लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र त्या एका चेंडूपुरता. पिचर ह्यू केसीने टाकलेला तो चेंडू नेमका कसा वळला, साधारण कॅचरने तो शंभरांत किती वेळा अडवला असता, हे विचारायला तेव्हा कुणाकडे साधन नव्हतं.

आता आहे. फ्रेमिंगचीच युक्ती इथे वापरतात. चेंडूचा वेग, वळण, टप्प्याची जागा, कॅचर बसला होता ती जागा, हे सगळं घेऊन संगणक सांगतो की असा चेंडू साधारण कॅचरकडून दहा टक्के वेळा निसटतो. अडवला तर ०.१० जमा, निसटला तर ०.९० वजा. सोपा चेंडू सोडणाऱ्याला जबर दंड, अशक्य चेंडू सोडणाऱ्याला जवळजवळ माफी. ओवेनला हा न्याय हवा होता.

अडवलेल्या एका चेंडूची किंमत सुमारे पाव धाव, म्हणजे स्ट्राइकच्या दुप्पट. पण असे कठीण चेंडू येतात कितीसे? धावपटू बेसवर असतानाच ब्लॉकिंगला अर्थ, आणि त्यातलेही बहुतेक चेंडू सरळ हातात येतात. म्हणून उत्तम ब्लॉकर हंगामात पाच-एक धावा वाचवतो, तर उत्तम फ्रेमर त्याच्या कितीतरी पट. टेकलेल्या गुडघ्याबद्दलच्या शंकेचं उत्तर इथे आहे : थोडं ब्लॉकिंग गेलं तरी फ्रेमिंगमधली कमाई त्याहून मोठी.

तरी ब्लॉकिंगची एक बाजू या हिशोबात बसत नाही आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. तिसऱ्या बेसवर धावपटू उभा आहे, चेंडू निसटला तर धाव नक्की. अशा वेळी मातीत बुडणारा चेंडू टाकायला पिचरला छाती लागते, आणि ती छाती त्याला मागच्या माणसाच्या भरवशावर मिळते. भरवसा नसेल तर तो चेंडू टाकलाच जात नाही. जो टाकलाच नाही त्याची नोंद कोणता कॅमेरा करणार?

दोन सेकंदांची शर्यत

फेकीबद्दल थोडक्यात. पहिल्या बेसवरचा धावपटू पिचर चेंडू टाकत असतानाच दुसऱ्या बेसकडे धूम ठोकतो, ही 'चोरी'. चेंडू मोज्यात पडल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात पोहोचेपर्यंतच्या वेळाला 'पॉप टाइम' म्हणतात. पॉप हा मोज्यात चेंडू पडतानाचा आवाज. अंतर सुमारे ३९ मीटर, सरासरी वेळ दोन सेकंद, उत्तम कॅचरला १.९च्याही खाली. पिचरला चेंडू कॅचरपर्यंत पोहोचवायला लागतात सुमारे १.३ सेकंद. एकूण ३.३. धावपटूलाही जवळपास तेवढेच लागतात, म्हणून निकाल दशांशांवर ठरतो. पिचरने दोन दशांश वाया घालवले तर कॅचरच्या हातात काही उरत नाही, पण निसटलेल्या चोरीचं खापर बऱ्याचदा त्याच्यावरच फुटतं.

२०२३मध्ये बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले आणि पिचरने धावपटूला दबकावण्यासाठी पहिल्या बेसकडे चेंडू फेकण्यावर मर्यादा आली. आदल्या वर्षी २,४८६ चोऱ्या साधल्या होत्या, त्या ३,५०३ झाल्या. एका वर्षात सगळ्या कॅचरांचे हात दुबळे झाले नव्हते. आकडा वाचताना नियम कोणते होते हे पाहावं लागतं ते असं.

इथेही न घडलेलं महत्त्वाचं आहे. क्षेत्ररक्षणासाठीचे नऊ गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवणाऱ्या यादियेर मोलिनासमोर धावपटू धावायलाच धजत नसत. किती जणांना बाद केलं, एवढाच आकडा पाहिला तर हा धाक दिसत नाही. धावण्याची संधी किती जणांना होती आणि त्यांतले किती धावले, हे पाहिलं तर दिसतो.

जिथे हिशोब हात टेकतो

कोणता चेंडू टाकायचा हे पिचरला सुचवणं, तो बिथरला तर जाऊन दोन शब्द बोलणं, फलंदाजाचे पाय पाहून त्याच्या मनातलं ओळखणं, हेही कॅचरचंच काम. स्टंपमागून फिरकीपटूंना सतत काही सांगणारा धोनी ज्यांनी ऐकला आहे त्यांना याचं मोल पटवून द्यायला नको. ते मोजण्यासाठी एक साधी रीत निघाली होती : अमुक कॅचर असताना पिचरविरुद्ध किती धावा होतात ते पाहायचं. १९९९च्या सुमारास कीथ वूलनर यांनी ही रीत तपासली तेव्हा एका वर्षीचा चांगला कॅचर पुढच्या वर्षी चांगला राहीलच असं दिसेना. खरं कसब असेल तर ते दरवर्षी दिसायला हवं. तेव्हा एकतर हे कसब फार छोटं आहे, किंवा इतर गोष्टींच्या गोंगाटात बुडालेलं आहे. मला दुसरं जास्त खरं वाटतं. फ्रेमिंगचंही २००६पर्यंत असंच होतं. चेंडूची जागा दिसू लागल्यावर ते एकदम वर आलं.

डोक्यावरची थाप

२०२४पासून दक्षिण कोरियाच्या लीगमध्ये स्ट्राइक आणि बॉल यंत्रच ठरवतं. पंच कानातलं ऐकून ते जाहीर करतो. तिथे फ्रेमिंगला काही किंमत उरली नाही. अमेरिकेने मधली वाट निवडली. सप्टेंबर २०२५मध्ये मंजूर झालेल्या आणि २०२६च्या हंगामासाठी ठरलेल्या नियमानुसार निर्णय पंचच देतो, पण प्रत्येक संघाला दोन आव्हानं मिळतात. आव्हान बरोबर ठरलं तर ते शाबूत राहतं. ते देऊ शकतात तिघंच : फलंदाज, पिचर आणि कॅचर. बाहेरून कुणी खुणावायचं नाही. लगेच आपल्या टोपीवर किंवा हेल्मेटवर थाप मारायची.

चाचणीच्या सामन्यांत पिचरांपेक्षा कॅचरांची आव्हानं जास्त यशस्वी ठरली. चेंडू त्यांच्याच हातात येतो, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. पण यातून कॅचरच्या कामात एक नवाच ताण शिरला आहे. आता त्याने खालच्या काठावरचा चेंडू मातीजवळून अलगद उचलायचा, पंचाला तो आत दिसेल असा धरायचा, आणि त्याच क्षणी स्वतःच्या मनाशी मात्र तो खरोखर कुठून गेला याची अचूक नोंद ठेवायची. समोरचा फलंदाज वळून आपल्या हेल्मेटकडे हात नेतो आहे का, तिकडेही त्याचं लक्ष असतं. आणि पंचाने 'बॉल' म्हटलंच, तर आपलं आव्हान आता खर्च करायचं की आठव्या-नवव्या डावासाठी राखून ठेवायचं, हे त्याला गुडघा जमिनीला टेकलेला असतानाच ठरवावं लागतं.